काळजीबाईंच्या अळ्या

ताई "हलू नका" म्हणाल्या आणि मी हललो. म्हटलं तर एवढाच माझा अपराध. माझ्या स्वेटरच्या बाहीवर काहीतरी काळं, मुंगीहूनही बारीक, तुरुतुरु चालत होतं. सभ्य माणसाच्या बाहीवर काही चालायला लागलं तर तो जे करील तेच मी केलं. टिचकी मारली. ते काळं हवेत उडालं आणि कुठे गेलं ते मला दिसलं नाही. दिसला तो ताईंचा चेहरा. ताईंना घाबरलेलं मी लग्न झाल्यापासून पाहत आलोय, पण हा चेहरा त्यातला नव्हता.

ताई तेव्हा अळ्यांची पानं बदलत होत्या, त्यामुळे खोलीतल्या सगळ्या ट्रेंची झाकणं उघडी होती. त्यांनी पळत जाऊन एकेक झाकण दाबलं. मग काचेची एक नळी तोंडात धरून भिंती, दिवा, खिडकीची चौकट असं सगळं हुंगत फिरल्यासारख्या फिरल्या आणि दोन काळे ठिपके नळीत ओढून घेतले.

"किती होत्या?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, एकच होती.

"दोन माझ्या हातात आहेत, भावोजी," त्या म्हणाल्या, आणि त्यांना बसायला स्टूल लागलं.

ताई म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. आमच्याच मजल्यावर समोरच्या घरात एकट्या राहतात. घरात त्यांना काळजीबाई म्हणतात आणि हे नाव ठेवण्याचं पुण्य माझ्या पदरात आहे. गॅस बंद केला की नाही हे बघायला त्या जिन्यातून परत येतात, बसथांब्यावरूनही परत येतात, आणि एकदा तर आमच्या घरी गप्पा मारता मारता उठून आमचाच गॅस बघून आल्या. लिफ्टमध्ये पाऊल टाकत नाहीत. टेलिफोन वाजला की एखादा नाग फणा काढून बसला असावा तशा त्याच्याकडे बघतात आणि दुसरं कोणी उचलीपर्यंत जागच्या हलत नाहीत. मी दिवा बदलायला खुर्चीवर चढलो की त्या खुर्ची धरतात, आणि खुर्ची धरलेल्या ताईंना धरायला आमच्या हिला बोलावतात. लहानपणी म्हणे रात्री उठून सगळ्या भावंडांच्या नाकाशी हात धरून श्वास चालू आहे ना ते बघायच्या. त्यात एकदा बोट नाकात गेलं आणि सगळं घर जागं झालं, असं आमची ही सांगते.

अशा बाईने नोकरी कुठली करावी? कीटकांचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेत त्या अळ्या सांभाळतात. लोकांच्या घरी कुत्रं असतं, मांजर असतं, आमच्या मेहुणीच्या पदरी खोलीभर हिरव्या अळ्या. त्यांना पानं घालायची, त्यांची घाण काढायची, कोष झाले की वेगळे ठेवायचे, पतंग निघाले की त्यांची अंडी गोळा करायची, की पुन्हा अळ्या. मला हे काम फार शांत, जपमाळ ओढल्यासारखं वाटायचं. त्या दिवसापर्यंत.

त्या दिवशी सकाळी ताई गॅस पुन्हा एकदा बघायच्या नादात चष्मा घरीच विसरल्या. आमची ही म्हणाली, देऊन या, तुम्हाला तरी कुठे कामं आहेत. मी वर्तमानपत्रात चार हलकेफुलके लेख लिहितो. हे काम आहे असं आमच्या घरात अजून कोणी मानलेलं नाही. म्हणून गेलो. संस्थेच्या एका बोळात समोरासमोर दोन खोल्या आहेत. एक अळ्यांची, दुसरी माश्यांची. माश्या म्हणजे घरातल्या नव्हेत. गांधीलमाशीच्या गोतातल्या, पण चिलटाएवढ्या, अळ्यांवर जगणाऱ्या. तिथला नियम असा की दिवसात आधी अळ्यांकडे जायचं, मग माश्यांकडे. माश्यांच्या खोलीत एकदा पाय टाकला की त्या दिवशी अळ्यांचं तोंड बघायचं नाही. घरी जायचं, डोक्यावरून आंघोळ करायची, कपडे बदलायचे, आणि उद्या यायचं. संस्थेचे साहेबसुद्धा हा नियम पाळतात. दारावर तशी पाटी आहे. मी ती वाचलीही होती. पण पाट्या नोकरीतल्या माणसांसाठी असतात, चष्मा द्यायला आलेल्या मेहुण्यासाठी नाही, अशी माझी आपली समजूत.

मी आधी चुकीचं दार उघडलं. आत ताई नव्हत्या. बारीक जाळीचा एक पिंजरा होता, त्याला हात घालायला कापडाची बाही, आणि बाहीच्या तोंडाला गाठ. पिंजरा मला रिकामा दिसला. रिकामा पिंजरा बांधून कशाला ठेवतात, म्हणून मी गाठ सोडली, हात घालून चाचपडलं, काही लागलं नाही, हात काढला आणि गाठ पुन्हा नीट बांधून ठेवली. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात तो यालाच. मग समोरच्या खोलीत जाऊन ताईंना चष्मा दिला आणि बाहीवरची टिचकी मारली.

ताईंनी स्टुलावर बसून मला जे सांगितलं ते ऐकेपर्यंत मला वाटत होतं की दोन-चार चिलटं सुटली तर सुटली. ती माशी म्हणे अळीच्या पाठीवर बसते, नांगी खुपसते आणि तिच्या पोटात अंडी सोडून निघून जाते. क्षणाचं काम. अळीला वरून काही होत नाही. ती खात राहते, वाढते, उलट जरा जास्तच गुटगुटीत दिसते. आत अंड्यांतून पिल्लं निघतात आणि तिला आतून पिऊ लागतात, पण तिचं मर्माचं काही शेवटपर्यंत तोडत नाहीत, कारण मेलेल्या अळीचा त्यांना उपयोग नसतो. आणि मग एक दिवस तिच्या कातडीला भोकं पाडून सगळी बाहेर येतात. हे सांगताना ताई खालच्या आवाजात बोलत होत्या, अळ्यांनी ऐकू नये अशा.

मी विचारलं, अळी बिचारी काहीच करत नाही का?

"अळी नाही करत. तिच्या रक्तातल्या पेशी करतात," ताई म्हणाल्या. पोटात परकं काही आलं की त्यांना लगेच कळतं. पहिल्या काही पेशी अंड्याला जाऊन भिडतात आणि फुटतात, म्हणजे बाकीच्यांना वर्दी जाते. मग चपट्या पेशी येतात, अंड्यावर पसरून चिकटतात, त्यांच्यावर दुसऱ्या, त्यांच्यावर तिसऱ्या. सगळ्या बाजूंनी घेराव. मग तो गोळा काळा, टणक होतो आणि आतलं अंडं गुदमरून मरतं.

मी सुटकेचा निःश्वास सोडला. म्हटलं, मग झालं तर.

"झालं काय? माशीला हे ठाऊक नाही असं वाटतं तुम्हाला?" त्या म्हणाल्या. अंड्याबरोबर ती एक रस सोडते. त्यात विषाणूंसारखं काही असतं, ते त्या पेशींमध्येच शिरतं. "पेशी तिथेच असतात, भावोजी. पण नुसत्या गोल होऊन तरंगत राहतात. अंडं शेजारी असतं आणि त्यांना त्याचं काही वाटतच नाही. पुस्तकात असं लिहीत नाहीत, पण मला विचाराल तर त्यांची भीतीच काढून घेतलेली असते."

खोलीत एवढा वेळ एक कुरकुर आवाज चालू होता. पंख्याचा असेल असं मला वाटत होतं. तो अळ्यांच्या खाण्याचा होता. झाकणांखाली सगळ्या मजेत खात होत्या, आणि यातल्या कितींच्या पाठीवर आत्ताच कोणी बसून गेलं हे बाहेरून ओळखायला काही मार्ग नव्हता.

या अळ्या साध्यासुध्याही नव्हत्या. फार वर्षांपूर्वी एका शेतातल्या कोबीवरच्या अळ्या या माश्यांनी पार संपवल्या होत्या. त्यातल्या चार-दोन वाचल्या. त्यांच्या पेशींवर त्या रसाचा अंमल चढत नव्हता. ताईंनी त्या घरी न्याव्यात तशा कुशीत धरून संस्थेत आणल्या आणि त्यांची वीण पुढे चालवली. अशी वीण साहेबांच्या माहितीत दुसरीकडे कुठे नाही. पण तिचा भरवसाही नाही. एका पिढीत बऱ्याच टिकतात, दुसरीत मोजक्या. म्हणून बेतास बात अळ्याच माश्यांसमोर धरायच्या आणि बाकीच्यांना माशीचा वाराही लागू द्यायचा नाही. वीण संपली तर त्या खोलीला कुलूप लागणार हे वरून कधीच सांगून झालं होतं. ताईंची जागाही ठरलेली होती: संस्थेच्या दारातलं टेबल, आणि त्या टेबलावर टेलिफोन.

साहेब आले, पण उंबऱ्याबाहेरच उभे राहिले, कारण ते सकाळीच माश्यांकडे जाऊन आले होते. सज्जन, मऊ माणूस. वाईट बातमी सांगायची असली की चष्मा पुसत बसतात. ते चष्मा पुसायला लागले तेव्हाच मी समजलो. माशी अळ्यांच्या खोलीत शिरली तर सगळी खोली फ्रीझरमध्ये घालायची, हा तिथला दुसरा नियम. आतून माश्या निघून सगळीकडे पसरण्यापेक्षा ते बरं.

"ताई, हा नियम तुम्हीच लिहायला लावला होता," साहेब बोळातून म्हणाले.

"मीच लावला. आता मीच म्हणते थांबा," ताई म्हणाल्या. पोटातलं बाहेर यायला अजून अवकाश होता. तोवर त्या एकेक अळी तपासणार होत्या. साहेबांनी चष्मा घातला, काढला, पुन्हा घातला. शेवटी म्हणाले की एक जरी पिल्लू या खोलीत कातडी फोडून बाहेर आलं, तरी मी दुसरा शब्द ऐकणार नाही. मग माझ्याकडे बघून अगदी नम्रपणे विचारलं, हे कोण? ताईंनी सांगितलं, आमच्या धाकटीचे यजमान. "हो का," साहेब म्हणाले. या दोन शब्दांत एखाद्याला इतकं मारता येतं हे मला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून मी कामाला जाऊ लागलो. कुणी बोलावलं नव्हतं, पण आमच्या हिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं तिच्यापेक्षा अळ्या बऱ्या. सकाळी आंघोळ, धुतलेले कपडे, दारातला रखवालदार माझ्या दोन्ही बाह्या झटकून बघायचा आणि म्हणायचा, जा, आज एकटेच आहात. अळ्या एकत्र ठेवणं धोक्याचं म्हणून प्रत्येकीला झाकणाचा वेगळा कप दिला. मी पानं कापायचो, कप आणून द्यायचो, कप परत ठेवायचो. माझ्या आयुष्यात मी इतका गप्प कधी राहिलो नव्हतो.

रस अळीत भिनायला वेळ लागतो, म्हणून ताई मधे दोन दिवस नुसत्या थांबल्या. ते दिवस सर्वांत वाईट. करण्यासारखं काही नाही, आणि झाकणाखाली ती कुरकुर. मला घरी जेवताना स्वतःचाच घास चावल्याचा आवाज यायला लागला. एकदा पोटात काहीतरी हललं असं वाटून मी ताडकन उठलो. आमची ही म्हणाली, गॅस झाला असेल. समोरच्या दारातून ताई विचारत्या झाल्या, कुठला गॅस, बंद केलाय ना?

मग तपासणी सुरू झाली. अळीच्या मागच्या पायाला बारीक सुई टोचायची, हिरवट-पिवळा एक थेंब येतो तो काचपट्टीवर घ्यायचा, थोडं थांबायचं आणि मायक्रोस्कोपखाली धरायचा. हात स्थिर राहावा म्हणून ताईंनी मनगटाखाली घडी घातलेला रुमाल ठेवला होता, आणि तो घामाने भिजला की घडी बदलायच्या. त्यांनी मला पहिल्यांदा बघायला दिलं तेव्हा मला काचेवर नुसते ठिपके दिसले. बघता बघता त्या ठिपक्यांना पाय फुटले. ते काचेवर पसरले, सपाट झाले, टोकं काढून काचेला घट्ट धरून बसले. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. इथे जी बिनदिक्कत पाय पसरील ती अळी वाचली. त्या पेशी काचेलाही परकं समजून तिला घेरायला निघाल्या होत्या.

"ही ठीक आहे," ताई म्हणाल्या. मी आनंदाने कप उचलला. त्यांनी तो हातातून काढून घेतला आणि पुन्हा बघितलं.

पुढच्या थेंबात काहीच झालं नाही. पेशी गोल होत्या आणि गोलच राहिल्या. भिजवलेल्या मसुरीसारख्या, निवांत. आम्ही आळीपाळीने डोळा लावून वाट बघत राहिलो, की एखादी तरी हलेल, एखादी तरी पाय काढील. इतकी शांत, इतकी सुखी वस्तू मी पाहिली नव्हती आणि तिच्याकडे बघताना माझ्या अंगावर काटा आला. कपात ती अळी पानाचा शेवटचा तुकडा संपवून दुसरं पान शोधत होती. ताईंनी तिला ते दिलं. थोडं खाऊ दिलं. मग फ्रीझरच्या डब्यात ठेवलं.

त्यानंतर डबा भरत गेला. खिडकीजवळच्या मांडणीपाशी मी त्या दिवशी उभा राहिलो होतो, तर ती मांडणी जवळजवळ सगळीच गेली. त्या मांडणीवर एक जाडी, तुकतुकीत अळी होती. कपाला टिचकी मारली की ती डोकं वर करायची. मी तिचं नाव पैलवान ठेवलं होतं. तिच्या पेशी गोल निघाल्या. मी म्हटलं, ताई, पुन्हा बघा, तिची तब्येत बघा. ताईंनी मला न रागावता पुन्हा बघितलं. "तब्येत तिची नाही," त्या म्हणाल्या. तो कप मी स्वतः डब्यात ठेवला.

मधल्या खणातल्या सगळ्या अळ्यांनी पाय पसरले होते. त्या खणाला आम्ही सुटलेला खण म्हणू लागलो होतो आणि तिकडे बघितलं की जरा बरं वाटायचं. आणि अवकाश संपत आला असताना ताई म्हणाल्या, तो खण पुन्हा काढा. मी दमलो होतो. उंबऱ्याबाहेरून साहेबही म्हणाले, ताई, एकदा ठीक म्हटलं की ठीक म्हणावं माणसाने, नाहीतर जगायचं कसं. आमच्या घरात गेली कित्येक वर्षं आम्ही सगळे त्यांना हेच सांगत आलोय. ताई आम्हा दोघांकडे बघून ओशाळवाणं हसल्या, "मला राहवत नाही हो," म्हणाल्या, आणि पहिला कप पुढे ओढला.

पहिली ठीक. दुसरी ठीक. मी मनात पुढचा लेख जुळवू लागलो होतो. खण संपत आला तशी एका थेंबावर ताई थांबल्या. बराच वेळ डोळा काढला नाही. मग बाजूला सरकल्या आणि मला बघायला सांगितलं. पेशींनी आधी पाय पसरले होते. मी बघत असताना ते त्यांनी आत घेतले. एकेक करत, गडबड न करता, दिवसभराचं काम संपल्यासारखं. गोल झाल्या आणि काच सोडून तरंगायला लागल्या.

त्या अळीवर अंमल उशिरा चढत होता. आम्ही तिला वाचलेली म्हणून ठेवलं होतं, दोन्ही बाजूंना वाचलेल्या ठेवल्या होत्या. ताईंनी ती चिरून उघडली. आत पिल्लं होती, तयार, कातडीच्या अगदी आतल्या अंगाला तोंडं लावून. सकाळपर्यंतही थांबली नसती. मी बोळात जाऊन भिंतीला टेकून उभा राहिलो. साहेब तिथेच होते. या वेळी त्यांनी चष्मा पुसला नाही.

उरलेला खण ताईंनी त्या रात्रीपर्यंत पुन्हा बघितला आणि दुसऱ्या दिवशी परत एकदा. माश्या निघायची वेळ आली आणि गेली. कुठल्याही कपात काही फुटलं नाही. अळ्या खायच्या थांबल्या, आखडल्या, आणि एकेकीने कोष केला. मांडण्या तोंडातले दात पडल्यासारख्या दिसत होत्या, पण वीण राहिली होती. साहेब त्या दिवशी माश्यांकडे गेले नाहीत. आंघोळ करून, केस ओले असतानाच आले आणि पहिल्यांदा उंबरा ओलांडून आत उभे राहिले. ताईंनी वाचलेल्यांपैकी एक अळी खात्रीसाठी उघडून ठेवली होती, ती त्यांनी आम्हा दोघांनाही दाखवली. आत तिळाएवढेही नसतील असे काळे कण होते. माशी तिच्याही पाठीवर बसून गेली होती. अंडी होती तिथेच होती, आणि पेशी त्यांच्याभोवती थरावर थर देऊन अजूनही घट्ट धरून बसल्या होत्या, अंडी मेली हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. साहेब म्हणाले, टेलिफोनच्या टेबलासाठी दुसरं कोणी बघावं लागेल.

ते गेल्यावर ताईंनी झाकणं दाबून बघितली, खिडकी ओढून बघितली, दिवा बंद केला, परत लावला, माझ्या दोन्ही बाह्या उलटसुलट करून तपासल्या आणि पुन्हा झाकणांकडे वळल्या.

मी हसत विचारलं, "ताई, आता तरी गेली ना भीती?"

"ती काय पाहुणी आहे, जायला?"